सहकाऱ्यांसोबत श्रमदान आणि वयस्कर कुत्र्याचे दत्तकविधान : पहिल्या भेटीपासून घरी रुळेपर्यंत

प्राण्यांच्या निवारा केंद्रात कुत्रा दत्तक घेण्यासाठी येणाऱ्या माणसांची पावले बहुतेक वेळा पिल्लांपाशी थांबतात. तोंडाभोवती पांढरे केस आलेला आणि हाक मारल्यावर लगेच न उठणारा कुत्रा त्याच रांगेत पुढे कुठेतरी असतो, पण पाच-दहा मिनिटांच्या भेटीत त्याच्याविषयी काहीही कळत नाही. तो शांत आहे की खचलेला आहे, त्याला उठायचे नाही की उठताना दुखते, माणसे नकोशी झाली आहेत की ऐकूच येत नाही, हे समजायला त्याच्यासोबत काही तास आणि तेही पिंजऱ्याबाहेर घालवावे लागतात. कार्यालयातल्या सहकाऱ्यांचा गट केंद्रात नियमित श्रमदानाला जातो तेव्हा नेमके हे तास हाती येतात.

आमचा गट काही वर्षांपासून महिन्यातून एकदा अशा कामाला जातो आणि त्याच जाण्यायेण्यातून दहा वर्षांचा एक कुत्रा माझ्या घरी आला. त्या अनुभवावरून माझे मत पक्के झाले आहे की, वयस्कर कुत्र्याची ओळख उघड्यावर, काम करता करता, अनेक भेटींतून करून घ्यावी. त्याला घरी आणण्याचा निर्णय मात्र गटापासून दूर, घरच्यांसोबत बसून घ्यावा. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे.

केंद्राला काय हवे आहे, ते आधी विचारावे

आमच्या पहिल्या श्रमदानाला आम्ही बावीस जण एकदम गेलो होतो. हेतू चांगला होता, पण इतक्या अनोळखी माणसांच्या आवाजाने कुत्रे दोन तास सतत भुंकत राहिले, आणि म्हातारे कुत्रे पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचा अर्धा दिवस आम्हाला सांभाळण्यात गेला. तेव्हापासून आम्ही एका वेळी सहापेक्षा जास्त जण जात नाही, आणि त्यांतले निम्मे तरी आधी येऊन गेलेले असतील अशी काळजी घेतो. वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा ठरावीक अंतराने जाणारा लहान गट केंद्राच्या जास्त उपयोगी पडतो, कारण तीच माणसे पुन्हा दिसू लागली की कुत्रे त्यांना ओळखतात आणि कर्मचाऱ्यांना दर वेळी नव्याने शिकवावे लागत नाही.

म्हणून पहिला फोन करताना “आम्ही अमुक करू इच्छितो” असे सांगू नये. “तुमची कोणती कामे खोळंबली आहेत?” असे विचारावे. उत्तरे बहुधा साधी असतात. कुंपणाची जाळी सुटलेली असते, सावलीसाठी छप्पर हवे असते, पाणी साचणारा खड्डा बुजवायचा असतो, अंथरुणे धुऊन वाळवायची असतात, कुत्र्यांना फिरवायला माणसे कमी पडत असतात. यांपैकी ज्या कामासाठी खरे कसब लागते, उदाहरणार्थ विजेचे किंवा वेल्डिंगचे, ते जाणकार सोबत असल्याखेरीज अंगावर घेऊ नये.

कार्यालयाच्या बाजूने तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : हा दिवस कामाचा धरला जाणार की सुट्टीचा, इजा झाल्यास विम्याचे संरक्षण आहे का, आणि सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे का. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुत्र्यांची भीती किंवा ॲलर्जी असलेला माणूस वरिष्ठांच्या भिडेखातर आला, तर त्याचा ताण कुत्र्यांनाही जाणवतो. असा सहकारी यायला मनापासून तयार असेल तर त्याला कुंपणाचे, रंगकामाचे किंवा नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. कुत्र्याला हात लावण्याचा आग्रह कोणीही धरू नये. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली आहे ना, हे प्रत्येकाने पाहावे. जे सहकारी वारंवार कुत्रे हाताळणार आहेत त्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

कामाचा दिवस

उन्हाचा त्रास माणसांपेक्षा कुत्र्यांना लवकर होतो. त्यांना घाम जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, आणि शरीरातली उष्णता ते मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतात. त्यामुळे अंगमेहनतीची कामे आणि कुत्र्यांचे फिरणे सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावे. पहार, टिकाव, फावडे, घमेले, हातमोजे, बंद बूट आणि पिण्याचे पाणी आपण सोबत न्यावे. केंद्राच्या साहित्यावर विसंबून राहू नये. ठोकाठोकीचे आणि ड्रिलचे काम ज्या भागात असेल तिथले कुत्रे कर्मचाऱ्यांच्या मदतीने आधी दुसरीकडे हलवावेत. काम संपल्यावर खिळे, तारेचे तुकडे, खडी आणि रंगाचे डबे मोजून परत घ्यावेत, कारण जमिनीवर राहिलेला एक खिळाही पंजात शिरू शकतो.

पिंजरे धुताना क्रम चुकवू नये. आधी विष्ठा आणि माती काढून साबणाच्या पाण्याने जागा घासावी, मगच जंतुनाशक वापरावे, कारण घाणीच्या थरावर टाकलेले ब्लीच निष्प्रभ होते. ब्लीच लघवीवर थेट ओतू नये आणि दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये. अमोनियाशी किंवा आम्लाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू तयार होतो. जंतुनाशक सांगितलेला वेळ राहू देऊन भरपूर पाण्याने धुवावे, आणि जागा पूर्ण कोरडी झाल्यावरच कुत्रा आत सोडावा.

फोटोंविषयी एक नियम आम्ही कसोशीने पाळतो. काम चालू असताना फोटो काढत नाही. शेवटची पंधरा मिनिटे त्यासाठी राखलेली असतात, आणि तेव्हाही आधी केंद्राला उपयोगी पडतील असे कुत्र्यांचे फोटो घेतो, मग आपले. म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, गवतावर किंवा मातीवर, नैसर्गिक उजेडात घेतला तर तो पिंजऱ्याच्या जाळीआडून घेतलेल्या फोटोपेक्षा कितीतरी वेगळा दिसतो. त्या फोटोमुळे त्याच्याविषयी एखादा जरी फोन आला तरी दिवसभराच्या मेहनतीचे चीज होते.

म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवताना

कोणता कुत्रा कोणी फिरवायचा हे कर्मचाऱ्यांनीच ठरवावे. कुत्र्यासमोर सरळ उभे राहून वरून डोक्यावर हात नेण्याऐवजी त्याच्या बाजूला, किंचित पाठमोरे होऊन खाली बसावे आणि त्याला स्वतःहून वास घेऊ द्यावा. तो जवळ आला तर छातीला किंवा मानेच्या बाजूला तीन-चार सेकंद हात फिरवून थांबावे. तो अंग टेकवत राहिला तर त्याला आणखी हवे आहे. मान वळवून दूर झाला तर नको आहे. भूक किंवा झोप नसताना ओठ चाटणे, जांभया देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, अंग ताठ होणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे असे दर वेळी नसते. ताठ अंगाने, उंच धरलेली आणि भरभर हलणारी शेपूट हा इशाराही असू शकतो. बहिऱ्या किंवा अधू नजरेच्या कुत्र्याला झोपेत कधीही स्पर्श करू नये. जमिनीवर पाय आपटावा किंवा नाकासमोर काही अंतरावर हात धरावा, आणि तो जागा होईपर्यंत थांबावे.

मान आणि मणक्यावर ताण येऊ नये म्हणून वयस्कर कुत्र्याला गळपट्ट्यापेक्षा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, बरा. फाटकाचे एक दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरे उघडू नये. दोन कुत्र्यांमध्ये दहा-बारा पावलांचे अंतर ठेवावे. वाटेवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर ती वाट पंजांसाठी तापलेली आहे असे समजावे. चालण्याचा वेग कुत्र्याने ठरवावा आणि गप्पांच्या ओघात आपण त्याला ओढत तर नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या पाऊण तासाच्या एका फेरीपेक्षा चांगल्या.

वयस्कर, विशेषतः मोठ्या जातीच्या कुत्र्याचा श्वास घरघरता आणि कर्कश येत असेल तर ते केवळ दमणे नसावे. या वयात स्वरयंत्राचे स्नायू नीट न उघडण्याचा विकार आढळतो, आणि अशा कुत्र्याला उष्माघाताचा धोका फार असतो. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोराची धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, झोक जातो असे दिसले तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नये. त्याने उष्णता आतच कोंडते.

चावा किंवा ओरखडा कितीही किरकोळ वाटला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्र्याचे लसीकरण झाले आहे असे कळले तरी हे टाळू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि वेळेवर केलेले उपचार मात्र त्याला रोखतात. कुत्र्याच्या काळजीपोटी चावल्याची घटना लपवू नये. काय झाले आणि कोणत्या परिस्थितीत झाले, ते केंद्राला जसेच्या तसे सांगावे.

वहीत काय टिपावे

एखादा वयस्कर कुत्रा मनात भरला तर निदान तीन भेटी, शक्यतो वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या सहकाऱ्यांसोबत, त्याचे निरीक्षण करावे. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : “घमेल्याच्या सावलीत झोपला. उठताना आधी पुढचे दोन्ही पाय रोवले, थांबला, मग मागचा भाग वर ओढला. उठल्यावर चार पावले आखडलेली, नंतर सैल.” त्या दिवशी आम्ही कुंपणाचे खांब रोवत होतो आणि तो कुत्रा आमच्यामागून प्रत्येक खड्ड्यापाशी येऊन बसत होता. आधी येऊन गेलेल्यांनी त्याला हट्टी म्हटले होते, कारण चालता चालता तो वळणावर थांबे. तिसऱ्या भेटीत लक्षात आले की तो फक्त चढ सुरू होतो तिथेच थांबतो. पुढे तपासणीत त्याच्या कमरेच्या सांध्यांचा संधिवात निघाला. हट्टीपणा, आळस, चिडकेपणा असे शब्द म्हाताऱ्या कुत्र्याला लावण्याआधी वेदनेची शक्यता तपासावी, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

उठणे, बसणे, वळणे आणि पायरी चढणे कसे आहे, अन्नाकडे धाव घेतो की तोंडात घास घेऊन पुन्हा टाकतो, पाणी किती पितो, खोकतो का, इतर कुत्रे जवळून गेले तर काय करतो, खाताना जवळ गेलेले चालते का, आणि एकटा ठेवल्यावर किती वेळात शांत होतो, एवढे पाहिले तर पुष्कळ चित्र स्पष्ट होते. तोंडाला उग्र वास येत असेल तर हिरड्यांचा आजार असण्याची शक्यता मोठी. डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसला म्हणून घाबरू नये. वयोमानाने नेत्रभिंग दाट झाल्यामुळे तसे दिसते आणि त्याने नजर फारशी कमी होत नाही. मोतीबिंदू वेगळा, पांढरट असतो. दोहोंतला फरक पशुवैद्यच खात्रीने सांगू शकतो.

कर्मचाऱ्यांना विचारायचे प्रश्न नेमके असावेत. “कुत्रा चांगला आहे का?” याला काय उत्तर मिळणार? त्यापेक्षा तो केंद्रात कधी आणि कसा आला, आधी घरात राहिला होता का, पूर्वी कोणी परत आणून सोडला का आणि का, कोणाला चावला होता का, सध्या कोणती औषधे चालू आहेत, असे विचारावे.

“वयस्कर” म्हणजे नेमका किती?

कुत्र्याच्या वयाला सातने गुणण्याचा हिशेब चुकीचा आहे. कुत्री पहिल्या वर्षात फार वेगाने वाढतात आणि नंतर वेग मंदावतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लॅब्रेडॉर जातीच्या कुत्र्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणांचा माणसांशी ताळा घालणाऱ्या अभ्यासात एक वर्षाचा लॅब्रेडॉर साधारण ३१ वर्षांच्या माणसाशी, तर दहा वर्षांचा जवळपास ६८ वर्षांच्या माणसाशी जुळला. हे गणित त्या एका जातीपुरते आहे. व्यवहारात लहान आकाराचे कुत्रे दहाव्या-अकराव्या वर्षापासून, मोठे सातव्या-आठव्यापासून आणि अतिशय मोठ्या जातींचे त्याहून आधी उतारवयात शिरतात. त्यामुळे आठ वर्षांच्या लहान कुत्र्याला म्हातारा म्हणून बाजूला सारणे चुकीचे ठरते. त्याच्यापुढे अजून बरीच वर्षे असू शकतात.

उतारवयातल्या कुत्र्याचा एक मोठा गुण फारसा कोणी बोलून दाखवत नाही. त्याचा आकार, स्वभाव, ताकद आणि सवयी ठरून गेलेल्या असतात. पिल्लू मोठेपणी कसे निघेल याचा फक्त अंदाज बांधता येतो. म्हातारा कुत्रा जसा आहे तसा समोर उभा असतो, फक्त पाहायला वेळ द्यावा लागतो.

निर्णय त्या दिवशी घेऊ नये

दिवसभर सोबत राबल्यावर, कुत्रा मांडीवर डोके टेकवून बसलेला असताना आणि चार सहकारी “घेऊनच जा” म्हणत असताना होकार देणे फार सोपे असते. मी स्वतः त्या क्षणी नाही म्हणालो आणि घरी जाऊन आठवडाभर विचार केला. हा आठवडा कुत्र्याच्या हिताचा असतो. दत्तक घेऊन परत सोडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दुसरी संधी मिळणे आणखी अवघड होते. गटातल्या कोणीही कोणावर असा आग्रह करायचा नाही, हा आमच्याकडे आता नियमच आहे.

घरी बोलताना चार गोष्टी उघडपणे मांडाव्यात. पहिली, वेळ : दिवसातून तीन-चार वेळा त्याला बाहेर न्यावे लागेल, कारण वयामुळे लघवी फार वेळ रोखून धरता येत नाही. दुसरी, पैसा : नियमित तपासण्या, रक्तचाचण्या आणि बहुधा कायमची औषधे यांचा खर्च अन्नाच्या खर्चाहून जास्त होऊ शकतो, म्हणून पशुवैद्याकडून आधीच अंदाज घ्यावा आणि अचानक येणाऱ्या आजारासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. तिसरी, जागा : पायऱ्या किती आहेत, त्याला उचलावे लागले तर ते वजन कोण उचलेल, घरमालकाची किंवा सोसायटीची हरकत आहे का. चौथी गोष्ट म्हणजे सहवासाचा काळ. तो कदाचित दोन वर्षांचा असेल, कदाचित सहा महिन्यांचा. घरात मुले असतील तर त्यांनाही हे आधी सांगावे.

शक्य असेल तिथे आधी काही दिवसांसाठी सांभाळायला न्यावे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पाच केंद्रांतील कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की एक-दोन रात्री घरी राहिल्यावर त्यांच्या शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक कमी झाले, आणि परतल्यावर ते आधीच्याच पातळीवर आले, त्याच्या वर गेले नाही. म्हणजे थोड्या दिवसांसाठी घरी नेऊन परत आणले तर कुत्र्याचे नुकसान होते, ही भीती या अभ्यासापुरती तरी खरी ठरली नाही. अशा दोन रात्रींत घराला आणि कुत्र्याला एकमेकांविषयी जे कळते ते दहा भेटींतही कळत नाही.

सहकाऱ्यांचा खरा उपयोग याच टप्प्यावर होतो. गावाला जावे लागले, आजारपण आले किंवा काम लांबले तर कुत्र्याकडे कोण पाहील, यासाठी त्याला आधीपासून ओळखणाऱ्या दोघांची नावे पक्की करून ठेवावीत. माझे दोन सहकारी त्याला पहिल्या भेटीपासून फिरवत होते, त्यामुळे पुढे मी नसताना तो त्यांच्यासोबत निर्धास्त राहिला.

पशुवैद्याची तपासणी

कागदपत्रे पूर्ण करण्याआधी, आणि ते शक्य नसेल तर पहिल्या आठवड्यात, संपूर्ण तपासणी करून घ्यावी. त्यात रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, लघवीची तपासणी, गोचिडांतून पसरणाऱ्या आजारांची आणि हृदयातील जंतांची चाचणी, दातांची पाहणी, हृदयाचे ठोके आणि सांध्यांची हालचाल हे सारे यावे. लसीकरण, जंतनाशक, नसबंदी आणि मायक्रोचिप (ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवलेली चिप) यांच्या नोंदी केंद्राकडून लेखी घ्याव्यात. चिप आधीपासून असेल तर ती आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नये. दात खूप खराब असतील तर भूल देऊन ते साफ करण्याची किंवा काढण्याची वेळ येते. केवळ वय जास्त आहे म्हणून भूल नाकारण्याचे कारण नसते, त्याआधीच्या तपासण्यांवर निर्णय अवलंबून असतो. तपासणीत काही निघाले म्हणून कुत्रा नाकारावा असे मी म्हणत नाही. काय सांभाळायचे आहे ते माहीत असले की सांभाळणे जमते.

घर तयार करणे आणि पहिले दिवस

गुळगुळीत फरशी हा संधिवात असलेल्या कुत्र्याचा रोजचा छळ असतो. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत न सरकणाऱ्या चटयांची सलग वाट करावी. अंथरूण जाड, पण चढायला सोपे असावे, आणि ते घरातल्या वर्दळीपासून जरा बाजूला, तरीही माणसे दिसतील असे ठेवावे. रात्री मंद दिवा लावून ठेवावा. नखे वाढलेली असतील तर पंजा वाकडा टेकतो आणि पाय घसरतो, म्हणून ती वेळच्या वेळी कापावीत. गाडीत किंवा दिवाणावर चढण्यासाठी उतरण ठेवावी.

पहिल्या दिवशी कोणालाही भेटायला बोलावू नये, सहकाऱ्यांना तर मुळीच नाही. त्यांची उत्सुकता समजण्यासारखी असली तरी आठ-दहा दिवस थांबावे. त्याला आधी ठरलेल्या जागी लघवीला न्यावे, मग घरात आणून त्याच्या कोपऱ्यापर्यंत पट्टा धरून दाखवत न्यावे. केंद्रात जे अन्न मिळत होते तेच पहिले काही दिवस द्यावे आणि नवे अन्न सात ते दहा दिवसांत, पाव, अर्धे, पाऊण अशा प्रमाणात वाढवावे. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट बाहेर, मोकळ्या जागेत, शेजारी शेजारी चालवत घडवावी. भांडी आणि अंथरुणे वेगळी ठेवावीत.

जाणकार मंडळी तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचा दिनक्रम कळतो आणि तीन महिन्यांनी तो खऱ्या अर्थाने रुळतो. हा केवळ अंदाज आहे. माझ्या कुत्र्याने पहिले दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही असे नाही, पण मी खोलीत असेपर्यंत तो खात नसे. मी दाराआड गेलो की भांडे रिकामे होई. अकराव्या दिवशी त्याने माझ्यासमोर पहिला घास घेतला. तोवर मी त्याच्याजवळ जमिनीवर बसून वाचत असे, त्याच्याकडे पाहत नसे. पूर्ण एक दिवस काहीच न खाल्ल्यास मात्र वाट न पाहता पशुवैद्याला कळवावे.

शिकण्याची क्षमता वयाने संपत नाही. घरात लघवी झाली तर रागावू नये. जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर आणि रात्री निजण्याआधी बाहेर नेऊन तिथे लघवी केल्यावर लगेच खाऊ द्यावा. झोपेत नकळत लघवी गळत असेल तर तो सवयीचा दोष नसून आजार असतो, आणि त्यावर उपचार होतात. ऐकू कमी येत असेल तर हाताच्या खुणा शिकवाव्यात. बहुतेक कुत्री त्या शब्दांपेक्षाही लवकर उचलतात.

पुढच्या महिन्यांत लक्ष ठेवण्याच्या गोष्टी

दर सहा महिन्यांनी तपासणी आणि महिन्यातून एकदा वजन ही किमान शिस्त ठेवावी. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या हाताला जाणवाव्यात, पण वर आलेल्या दिसू नयेत. जादा वजन उतरवणे हा दुखऱ्या सांध्यांवरचा अतिशय परिणामकारक उपाय आहे. कुत्रा साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी पितो. १०० मिलीच्या वर जाऊ लागला, म्हणजे बारा किलोचा कुत्रा रोज सव्वा लिटरच्या आसपास पिऊ लागला, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा संप्रेरकांच्या तक्रारीसाठी तपासावे. गाढ झोपेत श्वास मोजावेत. मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास वारंवार आढळले तर हृदय तपासून घ्यावे. रात्री जागणे, भिंतीकडे पाहत उभे राहणे, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर जाऊ पाहणे, ओळखीच्या माणसांना न ओळखणे ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणे असू शकतात. वेदनेमुळे किंवा नजर अधू झाल्यामुळेही असे होते, त्यामुळे “म्हातारपण आहे” म्हणून सोडून देऊ नये.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेनने त्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला घातक ठरते. कुत्र्यांसाठी वेगळी औषधे आहेत आणि ती पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेतच द्यावीत. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा घटक) घातलेले गोड पदार्थ त्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत. माझ्या कुत्र्याला सांध्यांचे औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दाराची कडी वाजताच तो एका दमात उठून उभा राहिला. आधीची ती मधली थांबण्याची जागा गेली होती. वहीतली पहिली नोंद मी त्या दिवशी पुन्हा काढून वाचली.

श्रमदान सुरू ठेवावे, पण घरी आणलेल्या कुत्र्याला सोबत नेऊ नये. पिंजऱ्यांचा वास आणि भुंकणे त्याला पुन्हा ताण देते, आणि संसर्गाचीही भीती असते. केंद्रातून परतल्यावर बूट बाहेर ठेवून, हात धुऊन, कपडे बदलून मगच त्याला जवळ घ्यावे.

शेवटच्या दिवसांविषयी पशुवैद्याशी बोलणे कुत्रा ठीक असतानाच उरकून घ्यावे. खाणे, चालणे, स्वच्छ राहणे, माणसांकडे येणे आणि वेदना आटोक्यात असणे यांवरून दिवस बरा गेला की वाईट, याची रोज एका खुणेने कॅलेंडरवर नोंद ठेवावी; वाईट दिवस बऱ्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले की निर्णय लांबवू नये, आणि त्या वेळी आपण त्याच्याजवळ असावे. तो गेल्यानंतर उतरण, हार्नेस आणि चटया लगेच टाकून देऊ नयेत. मन तयार झाले की त्या स्वच्छ धुऊन, आणि न उघडलेली औषधे मुदत तपासून, पुढच्या श्रमदानाच्या दिवशी केंद्राच्या पशुवैद्याच्या हाती द्याव्यात. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायांखाली त्या चटया त्याच दिवशी अंथरता येतात.